घरातलं ऑर्किड: पाणी घालण्याआधी मुळं बघा

फुललेलं ऑर्किड घरी येतं, दोन-तीन महिने खोली उजळून टाकतं, मग एकेक फूल गळतं आणि उरतात चार जाड पानं. पुढे काय करायचं हे ठाऊक नसतं, म्हणून बरीचशी रोपं पुढच्या वर्षभरात जातात. माझं पहिलं रोप असंच गेलं. रोज सकाळी मी त्याला मायेने पाणी घालत होते. पानं मलूल दिसली की आणखी थोडं. रोप मेल्यावर कुंडी उपडी केली, तर आत तपकिरी, लिबलिबीत धाग्यांचा गोळा निघाला. एकही मूळ जिवंत नव्हतं. वर पानं तहानेने सुरकुतलेली आणि खाली मुळं पाण्यात कुजलेली. तेव्हापासून मी ऑर्किडकडे खालून वर बघते, आणि हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे: आधी मुळं, मग पाणी, प्रकाश, पानं आणि शेवटी फुलं.

झाडावर बसणारं झाड

फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम, वांडा, कॅटलिया ही घरोघरी दिसणारी ऑर्किडं मुळात मातीतली नव्हेत. जंगलात ती झाडांच्या फांद्यांना मुळांनी घट्ट धरून बसतात. मराठीत ऑर्किडला आमरी म्हणतात, आणि झाडावर दिसते म्हणून पुष्कळांना ती बांडगूळ वाटते. बांडगूळ झाडाच्या आत शिरून त्याचा रस ओढतं. आमरी झाडाकडून फक्त बसायला जागा घेते. पाणी पावसाचं आणि दवाचं, खत सालीच्या खाचांत अडकलेल्या पाल्यापाचोळ्याचं. (वांडा हे नाव संस्कृत 'वंदा'वरून आलं आहे. झाडावर वाढणाऱ्या वनस्पतीला तो शब्द वापरला जाई.)

आता त्या फांदीवरचा पाऊस डोळ्यांसमोर आणा. सर येते, मुळं चिंब भिजतात, पाणी निथळून जातं आणि वाऱ्याने मुळं पुन्हा सुकतात. या जगण्यासाठी ऑर्किडच्या मुळांवर मृत पेशींचा स्पंजासारखा थर असतो, त्याला व्हेलामेन म्हणतात. तो पाणी झटकन टिपून घेतो. कोरडा असताना रुपेरी-पांढरा दिसतो, भिजला की पारदर्शक होतो आणि मुळाचा आतला हिरवा रंग वर येतो. हा रंगबदल नीट लक्षात ठेवा, पुढे पाण्याचा सगळा हिशेब त्यावरच बसवायचा आहे.

हवा न मिळाल्याने ऑर्किड मरतं हा धडा माणसांना महागात पडून मिळालेला आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ऑर्किडचं वेड पसरलं होतं. उष्ण प्रदेशांतून जहाजांनी रोपं येत, आणि ती 'उष्ण प्रदेशातली' म्हणून बंद, तापवलेल्या, कोंदट काचघरांत ठेवली जात. तिथे ती मोठ्या संख्येने मरत. १८३० च्या दशकात चॅट्सवर्थच्या बागांचे प्रमुख जोसेफ पॅक्स्टन यांनी काचघरांत हवा खेळती ठेवायला सुरुवात केली, सगळ्या रोपांना एकसारखं भाजून काढणं थांबवलं, आणि रोपं तग धरू लागली.

१. रोप निवडताना

पहिलं ऑर्किड फॅलेनॉप्सिसच घ्या, असा माझा आग्रह आहे. १८२५ मध्ये ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने हे नाव दिलं. त्याचा अर्थ 'पतंगासारखं दिसणारं', आणि दांड्यावर ओळीने बसलेली फुलं खरोखर पंख पसरलेल्या पतंगांसारखी दिसतात. आपल्याला जे तापमान बरं वाटतं तेच त्याला मानवतं. कडक ऊन लागत नाही, आणि फुलं दोन-तीन महिने टिकतात.

फुलांवर भुलून रोप उचलू नका. पानं ताठ आणि जाड हवीत. पानांच्या मधला गाभा, म्हणजे जिथून नवं पान निघतं ती जागा, हिरवी आणि घट्ट हवी. काळपट किंवा मऊ लागली तर ते रोप सोडून द्या. पारदर्शक कुंडी असेल तर आत डोकावा: रुपेरी किंवा हिरवी, भरीव मुळं दिसली पाहिजेत. रोप बुंध्याशी धरून हलकेच हलवा. डुगडुगत असेल तर खाली मुळं उरलेली नाहीत. दोन-तीन फुलं उमललेली आणि बाकी कळ्या असा दांडा सगळ्यात चांगला, कारण फुलांचा बहुतेक काळ तुमच्या घरात जाईल.

घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे इतर झाडांपासून लांब ठेवा, कीड असेल तर तेवढ्यात दिसते. आणि रोप नेहमी रोपवाटिकेत वाढवलेलंच घ्या. ऑर्किडचं संपूर्ण कुळ साइट्स या, रानटी प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली संरक्षित आहे. जंगलातून ओरबाडून आणलेलं रोप घरात सहसा जगत नाही, आणि तिथेही परत सहज उगवत नाही. ऑर्किडचं बी धुळीइतकं बारीक असतं, त्यात साठवलेलं अन्न जवळजवळ नसतं, आणि ठरावीक बुरशीची साथ मिळाल्याशिवाय ते रुजत नाही. १९२२ मध्ये लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या माध्यमावर, बुरशीशिवाय, काचेच्या बाटलीत बी रुजवून दाखवलं. आज लाखोंनी रोपं तयार होतात ती त्या वाटेने. मग जंगलाला हात लावायचं कारणच काय?

२. कुंडी आणि आतलं सामान

माती अजिबात नको, 'थोडीशी' मिसळलेली सुद्धा नको. कुंडीत पाइनच्या सालीचे तुकडे, लाकडी कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे भरतात. तुकडे साधारण एक ते दोन सेंटिमीटरचे, म्हणजे त्यांच्यामध्ये हवेला जागा राहते. हवा फार कोरडी असेल किंवा तुमच्या हातून पाणी विसरत असेल, तर थोडं स्फॅग्नम मॉस, म्हणजे वाळवलेलं शेवाळ, मिसळा. उलट, तुमचा हात सैल असेल तर मॉस टाळा, ते पाणी धरून बसतं. सोडणाचे तुकडे वापरण्यापूर्वी दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून ठेवा, म्हणजे त्यांतले क्षार निघून जातात.

कुंडी पारदर्शक प्लॅस्टिकची घ्या, बुडाला आणि बाजूंना भरपूर भोकं असलेली. ती सुंदर दिसत नाही हे मान्य. पण मुळांचा रंग बाहेरून दिसणं ही नवख्या माणसासाठी सर्वांत मोठी सोय आहे. देखणी कुंडी हवीच असेल तर ही कुंडी तिच्या आत ठेवा आणि पाणी घालून निथळल्यावरच परत आत सरकवा. आकार मुळं जेमतेम मावतील एवढाच ठेवा. मोठ्या कुंडीत मधला भाग आठवडेच्या आठवडे ओला राहतो.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. विकत आणलेल्या रोपाच्या मुळांच्या मधोमध पुष्कळदा मॉसचा घट्ट बोळा असतो, अगदी लहानपणी रोप वाढवलं तेव्हाचा. वरची साल कोरडीठाक दिसते, आणि हा बोळा मात्र आत ओलाच असतो. बाहेरून सगळं ठीक आणि बुंधा कुजतोय, असं होतं ते यामुळे. फुलं संपली की पहिलं काम म्हणजे हा बोळा शोधून काढणं.

३. पाणी

'आठवड्यातून एकदा' हा सल्ला सगळीकडे मिळतो. सुरुवातीला अंदाज म्हणून ठीक आहे, पण रोप दिनदर्शिका बघत नाही. उकाड्यात पाच दिवसांत सुकणारी कुंडी गारठ्यात बारा दिवस ओली राहू शकते. म्हणून आधी मुळं बघा. कुंडीच्या भिंतीला चिकटलेली मुळं हिरवी असतील तर आज पाणी नको. ती सगळी रुपेरी झाली, आतून काचेवर धरतो तशी वाफ दिसत नाही आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागते, तेव्हा पाणी द्या. कुंडीचं वजन हाताला महिनाभरात कळू लागतं. खात्री वाटत नसेल तर एक दिवस थांबा. फॅलेनॉप्सिस एक दिवस तहानलेलं राहिल्याने काही बिघडत नाही.

पाणी देताना मात्र चमच्याने देऊ नका. कुंडी बादलीत किंवा पातेल्यात ठेवून काठाच्या थोडं खालपर्यंत पाणी भरा, दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. मग उचलून पूर्ण निथळू द्या. शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबा, ताटलीत पाणी साठू देऊ नका. अनेक रोपं असतील तर एकाच पाण्यात सगळी बुडवू नका, एकाचा रोग दुसऱ्याला जातो. त्यापेक्षा नळाखाली धरून मिनिटभर पाणी कुंडीतून आरपार जाऊ द्या.

वेळ सकाळची. पानांच्या गाभ्यात पाणी अडकलं तर कागदाच्या टोकाने टिपून घ्या. रात्रभर तिथे पाणी राहिलं तर गाभा कुजतो, आणि फॅलेनॉप्सिसला वाढीचा हा एकच शेंडा असतो. जंगलात हे रोप फांदीवर तिरकं, पानं खाली झुकलेली असं लटकतं, म्हणून पावसाचं पाणी आपोआप गळून जातं. कुंडीत आपण त्याला उभं करतो, तेव्हा ते काम आपलं.

पावसाचं पाणी उत्तम, आरओचंही चालतं. नळाचं पाणी जड असेल तर मुळांवर आणि सालीवर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि मुळांची टोकं जळून काळी पडतात. पाणी फार गार नको, खोलीच्या तापमानाचं असावं.

४. खत

थोडक्यात सांगते. पाण्यात विरघळणारं २०-२०-२० सारखं (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं) संतुलित खत घ्या आणि पाकिटावरच्या मात्रेचा पाव हिस्सा वापरा. नवं पान किंवा मूळ वाढत असताना दोन-तीन पाण्यांना खत, मग एक पाणी साधं, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातील. कोरड्या मुळांवर खत ओतू नका, आधी साधं पाणी द्या. रोप आजारी असेल तर खत पूर्ण बंद. जास्त खताने रोप लवकर फुलतं ही समजूत चुकीची आहे, जास्त खताने मुळं जळतात.

५. प्रकाश आणि हवा

पूर्वेची खिडकी मिळाली तर प्रश्नच मिटला. कोवळं ऊन चालतं, दुपारचं पानं भाजतं. दक्षिण किंवा पश्चिमेच्या खिडकीला पातळ पडदा लावा. किती प्रकाश पुरे हे बघायची सोपी रीत: दुपारी रोपाच्या वर फूटभर अंतरावर हात धरा. सावली मऊ, कडा पुसट असलेली पडली तर प्रकाश योग्य आहे. ठळक, रेखीव सावली पडली तर जास्त, आणि सावलीच पडली नाही तर कमी. मोबाइलमध्ये लक्स (प्रकाशाचं एकक) मोजायची सोय असेल तर १०,००० ते १५,००० च्या आसपासचा आकडा फॅलेनॉप्सिसला छान.

नंतर पानंच सांगत राहतात. गडद, काळसर हिरवी, लांब आणि लोंबणारी पानं म्हणजे प्रकाश कमी. अशी पानं बघून 'किती हिरवंगार' म्हणून लोक खूश होतात, आणि रोप वर्षानुवर्षं फुलत नाही. पोपटीकडे झुकणारा मध्यम हिरवा रंग हवा. पान हाताला गरम लागलं तर लगेच मागे सरकवा. उन्हाने भाजलेला डाग आधी पांढुरका, मग तपकिरी आणि कोरडा होतो. तो परत हिरवा होत नाही, पण पसरतही नाही. खिडकी नसेल तर साध्या पांढऱ्या एलईडीखाली, रोपापासून फूटभर वर, दिवसाला १२ तास ठेवलं तरी चालतं.

दिवसा २४ ते २९ अंश आणि रात्री १८ च्या आसपास तापमान त्याला आवडतं. १५ च्या खाली जाऊ देऊ नका. दमटपणा ५० ते ७० टक्के असेल तर उत्तम. त्यासाठी पानांवर सतत फवारे मारण्यापेक्षा चार झाडं जवळजवळ ठेवा किंवा खडे आणि पाणी भरलेल्या ताटावर कुंडी ठेवा, फक्त बूड पाण्याला टेकू देऊ नका. दमट हवा साचून राहिली तर बुरशी धरते, म्हणून पंखा मंद चालू असलेला बरा. वारा थेट रोपावर नको. एसीचा गार झोत तर नकोच.

६. कुंडी बदलताना

साल दीड-दोन वर्षांत कुजून बारीक होते, मग तिच्यात हवा राहत नाही. फुलं संपलेली असावीत आणि बुंध्यातून नव्या मुळांची हिरवी टोकं फुटत असावीत, ही कुंडी बदलायची वेळ. लोक या कामाला घाबरतात. मीही पहिल्यांदा दोन महिने टाळत राहिले होते, आणि आता हेच काम मला सगळ्यात आवडतं, कारण त्या दिवशी रोप पूर्ण दिसतं.

आदल्या दिवशी पाणी द्या, मुळं लवचीक होतात. कुंडी बाजूंनी दाबून रोप सोडवा. मूळ भिंतीला चिकटलं असेल तर ओढू नका, प्लॅस्टिकची कुंडी सरळ कापा. जुनी साल बोटांनी सोडवा, मधला मॉसचा बोळा पाण्याखाली धरून काढून टाका. मग एकेक मूळ चिमटीत दाबून बघा. भरीव लागलं तर ते जिवंत आहे, रंग पिवळट असला तरी. अंधारात वाढलेली मुळं पिवळी असतातच. पोकळ, दबणारं, आवरण निसटून आत दोरा उरलेलं मूळ कापून टाका.

कात्री प्रत्येक रोपाआधी ज्योतीवर नीट तापवून घ्या, नुसतं स्पिरिटने पुसणं विषाणूंना पुरत नाही. ऑर्किडचे विषाणू रसाने माखलेल्या पात्यावरून सहज जातात, आणि विषाणू लागलेलं रोप बरं होत नाही. कापलेल्या जागेवर चिमूटभर दालचिनीची पूड लावतात. ती जखम सुकवते, म्हणूनच निरोगी मुळांवर पडू देऊ नका, त्यांनाही सुकवेल.

आता रोप कुंडीत असं धरा की सर्वांत खालचं पान सालीच्या पृष्ठभागाच्या किंचित वर येईल. मुळांभोवती साल टाकत, कुंडी हलके आपटत भरत जा. बाहेर हवेत वाढणारी मुळं जबरदस्तीने आत कोंबू नका, तुटतात. ती बाहेर राहिली तरी त्यांचं काम करतात. रोप डुलत असेल तर काडीला बांधा, कारण हलत्या रोपाची नवी मुळं घासून मरतात. तीन-चार दिवस पाणी न देता सावलीत ठेवा, जखमा भरू द्या.

७. पानं काय सांगतात

सुरकुतलेलं, मऊ पान म्हणजे रोपाला पाणी मिळत नाही. हे दोन कारणांनी होतं, आणि उपाय एकमेकांच्या उलटे आहेत. मुळं भरीव पण रुपेरी-कोरडी असतील तर पाणी वाढवा. मुळं तपकिरी आणि मऊ असतील तर ती कुजली आहेत, तेव्हा पाणी थांबवून कुंडी बदला. म्हणून पान बघून कधीच झारी उचलू नका. सर्वांत खालचं एक पान हळूहळू पिवळं होऊन गळणं मात्र स्वाभाविक आहे. वरचं किंवा मधलं पान पिवळं पडलं तर गाभा तपासा.

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. पानाखाली चिकटलेले तपकिरी ठिपके नखाने निघाले तर खवले कीड. दोन्हींवर कापसाची काडी सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसून काढा, आणि दर पाच-सहा दिवसांनी महिनाभर करत राहा, कारण एकदा पुसून अंडी जात नाहीत. पानाखाली बारीक जाळी आणि वर चंदेरी ठिपके असतील तर लाल कोळी. तो कोरड्या हवेत वाढतो, पानं दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसली की कमी होतो. पानावर पाणथळ, भराभर पसरणारा, दुर्गंधी येणारा डाग असेल तर थांबू नका. तो जीवाणूंचा असतो. डागाच्या पुढे निरोगी भागात दोन सेंटिमीटर जाऊन पान कापा आणि रोप वेगळं ठेवा.

८. पुन्हा फुलवताना

फॅलेनॉप्सिसला फुलण्यासाठी गारवा लागतो, थंडी नव्हे. तापमान चार ते सहा आठवडे २५-२६ अंशांच्या खाली राहिलं, रात्री १८ च्या जवळ उतरल्या आणि प्रकाश चांगला असला की पानाच्या बगलेतून दांडा फुटतो. खोली सतत २८-२९ च्या वर असेल तर रोप पानं काढत राहील, दांडा काढणार नाही. गारव्याच्या दिवसांत खिडकीजवळ, रात्रीची हवा लागेल असं ठेवा.

सुरुवातीला दांडा आणि मूळ सारखेच दिसतात. मुळाचं टोक गोल आणि गुळगुळीत असतं. दांड्याचं टोक किंचित चपटं, बिनबोटांच्या हातमोज्यासारखं, एका बाजूला खाच असलेलं असतं, आणि तो बहुधा वर, प्रकाशाकडे वळतो. दांडा ओळखला की कुंडीची दिशा बदलू नका. आमरीची कळी उमलताना देठात पिळवटून अर्धा फेर घेते, म्हणून तिची रुंद पाकळी खाली येते. मध्येच कुंडी फिरवली तर फुलं वेड्यावाकड्या दिशांना तोंड करतात. दांडा वीतभर झाला की काडीला सैल बांधा. दिसल्यापासून पहिलं फूल उमलेपर्यंत दोन ते तीन महिने जातात.

कळ्या पिवळ्या पडून गळल्या तर आसपास बघा: जागा बदलली, एसीचा झोत लागला, मुळं फार वेळ कोरडी राहिली, की शेजारी पिकलेली फळं ठेवली होती? पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि कळ्यांना तो सोसत नाही. दांड्यावर मधासारखे चिकट थेंब दिसले तर लगेच घाबरू नका, निरोगी रोपही ते सोडतं. कीड नाही ना, तेवढं तपासा.

फुलं संपल्यावर दांडा हिरवा असेल आणि रोपाला चार-पाच ताठ पानं असतील, तर खालून दुसऱ्या किंवा तिसऱ्या डोळ्याच्या वर बोटभर ठेवून कापा. कधी कधी त्या डोळ्यातून नवी फांदी फुटून पुन्हा फुलं येतात. रोप थकलेलं असेल किंवा दांडा सुकत असेल तर बुडाजवळ कापा, त्याला पानं आणि मुळं वाढवू द्या. एखाद्या डोळ्यातून फुलांऐवजी छोटं रोपच फुटतं. त्याला हवाई बेटांच्या भाषेतल्या 'लेकरू' या अर्थाच्या शब्दावरून केकी म्हणतात. त्याची मुळं पाच-सात सेंटिमीटरची होईपर्यंत ते आईच्या दांड्यावरच राहू द्या. मग दांड्याचा छोटा तुकडा ठेवून कापा, बारीक सालीच्या लहान कुंडीत लावा, आणि पहिले काही आठवडे त्याला थोडं अधिक दमट ठेवा.